कॉम्प्युटर आणि ग्लोबल स्टडीज दोन्ही करतेय, मानवी हक्कांच्या कामात जायचंय. रस्ता आहे का?

सोलापुरी_चादर

नमस्कार. पोस्ट लांब होणार आहे, आधीच सांगते. घरी विचारायला कुणी नाही आणि कॉलेजात ज्यांना विचारलं त्यांनी दोन वाक्यांत विषय संपवला, म्हणून इथे लिहितेय.

मी सोलापूरची, पुण्यात एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत बी.टेक कॉम्प्युटर थर्ड इयरला आहे. आमच्याकडे मेजरसोबत दुसऱ्या शाखेतला एक मायनर, म्हणजे छोटा जोडविषय, घ्यावा लागतो. वर्गातल्या बहुतेकांनी फायनान्स घेतला, मी ग्लोबल स्टडीज (देशादेशांतलं राजकारण, स्थलांतर वगैरे) घेतला, तेव्हा फार विचार केला नव्हता, बातम्या वाचायची आवड होती एवढंच. पण सेकंड इयरला रोहिंग्या निर्वासितांवर एक पेपर लिहायचा होता आणि तिथून सगळं फिरलं.

2017 च्या ऑगस्टनंतर सात लाखांवर माणसं म्यानमारमधून पळून बांगलादेशात कॉक्स बझारला आली हे माहीत होतं. मला माहीत नव्हतं ते पुढचं. तिथे यूएनच्या निर्वासित संस्थेने आणि बांगलादेश सरकारने मिळून त्यांची बायोमेट्रिक नोंदणी केली, बोटांचे ठसे, फोटो, सगळं, आणि स्मार्ट कार्ड दिलं, ते कार्ड दाखवलं की मदत मिळायची. 2021 च्या जूनमध्ये ह्युमन राइट्स वॉच या आंतरराष्ट्रीय हक्क संस्थेने अहवाल काढला की ही माहिती बांगलादेशने पुढे म्यानमार सरकारला दिली, म्हणजे ज्यांच्यापासून पळून आले त्यांनाच! कोण परत यायला पात्र आहे ते तपासायला म्हणून. नोंदणीनंतर जी पावती मिळायची त्यात माहिती म्यानमारला द्यायला संमती आहे का असा एक रकाना होता आणि पावती इंग्रजीत होती. ह्युमन राइट्स वॉच ज्या 24 निर्वासितांशी बोललं त्यातल्या फक्त तिघांना इंग्रजी वाचता येत होतं. यूएनच्या संस्थेचं म्हणणं की आम्ही विचारूनच घेतलं होतं. तो अहवाल मी रात्री दोन वाजता हॉस्टेलच्या गॅलरीत बसून वाचला आणि मला एकदम आजी आठवली.

माझी आजी कुंभारीजवळच्या विडी घरकुलात एकटी राहते, एकटीचंच अंत्योदय कार्ड आहे. चाळीस वर्षं विड्या वळल्या तिने. भिजवलेलं पान कात्रीने कापायचं, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा आणि तोंड अंगठ्याच्या नखाने आत दाबायचं, हजार विड्या झाल्या की मजुरी. तिच्या अंगठ्यावर आता रेषाच नाहीत, हात धरला तर काचेसारखा गुळगुळीत लागतो. रेशन दुकानात मशीनवर थंब लागत नाही. एकदा, दोनदा, हात पुसून परत, साडीच्या पदराने पुसून परत, मग दुकानदार म्हणतो उद्या या. आधारला जोडलेला मोबाइल नंबर आजोबांचा होता, ते गेले, नंबर बंद, त्यामुळे ओटीपी पण येत नाही. दोन महिने धान्य सुटलं तेव्हा आम्हाला कळलं, तोपर्यंत ती शेजारणीकडून तांदूळ उसना घेत होती आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

तर मला कळलं की मला हेच करायचंय. मशीन कसं चालतं ते कळणारी माणसं आणि माणसाचे हक्क कळणारी माणसं वेगवेगळ्या खोल्यांत बसतात, आणि मधल्या दारात कुणीतरी उभं राहायला पाहिजे. पण पुढच्या वर्षी प्लेसमेंट आहेत, सहा लाखांचं एज्युकेशन लोन आहे, पप्पा टॉवेल कारखान्यात कामाला आहेत. एक सर म्हणाले हे एनजीओचं काम रिटायर झाल्यावर कर. मायनर शिकवणाऱ्या मॅडम म्हणतात कोडिंग सोड आणि इंटरनॅशनल रिलेशन्समध्ये एमए कर. माझं डोकं बंद पडलंय. यात पोट भरतं का? काय शिकू? परदेशी जावंच लागतं का? आणि वकील नसताना या कामात माझा उपयोग काय?

बॅकएंड_नाशिक

ताई, लोन आहे ना, मग प्लेसमेंट घे. हे मी तुला मागे खेचायला सांगत नाहीये, उलट यासाठीच सांगतोय की त्या कामाला जाताना खिशात कौशल्य घेऊन जा. फक्त कुठली नोकरी घ्यायची ते बघून घे. वेबसाइटची बटणं रंगवायच्या कामात दोन वर्षं घालवू नको, सिक्युरिटी, डेटा इंजिनिअरिंग, फॉरेन्सिक्स, असलं काही मिळालं तर पगार थोडा कमी असला तरी घे.

कारण सांगतो. 2021 च्या जुलैत पेगाससचं प्रकरण बाहेर आलं, पत्रकारांच्या, कार्यकर्त्यांच्या फोनमध्ये हेरगिरीचं सॉफ्टवेअर. ते फोन तपासले कुणी? ॲम्नेस्टी या मानवी हक्क संस्थेच्या सिक्युरिटी लॅबने, आणि त्यांची पद्धत बरोबर आहे का ते तपासलं टोरांटो युनिव्हर्सिटीच्या सिटिझन लॅबने. तिथे बसलेली बरीच माणसं आपल्यासारखीच, लॉग (मशीनने ठेवलेल्या नोंदी) वाचणारी, पायथॉन भाषेत कोड लिहिणारी. ॲम्नेस्टीने तेव्हाच त्यांचं टूल सगळ्यांसाठी खुलं केलं, मोबाइल व्हेरिफिकेशन टूलकिट, सगळे एमव्हीटी म्हणतात. पूर्ण पायथॉनमध्ये आहे, फोनचा बॅकअप घेऊन त्यात संशयास्पद लिंक, प्रोसेसची नावं वगैरे शोधतं. सेमिस्टर संपलं की ते डाउनलोड कर, स्वतःच्या फोनचा बॅकअप घे आणि चालवून बघ, मग कोड वाच. मी वाचला तेव्हा मला वाटलं होतं काहीतरी अगम्य असणार, पण निम्मं काम म्हणजे आयफोनच्या आतल्या एसक्यूलाइट डेटाबेसच्या फाइली उघडून तारखा नीट लावणं आहे, जे तुला डेटाबेसच्या (डीबीएमएस) प्रॅक्टिकलला शिकवलंय.

आणि कोडिंग सोड म्हणणाऱ्या मॅडमचं अजिबात ऐकू नको, सॉरी पण नाही. इंटरनॅशनल रिलेशन्सचं एमए केलेली मुलं खूप आहेत, त्यातल्या कितीजणांना सर्व्हर लॉग वाचता येतो?

कागदपत्रं_ताई

ऋणानुबंध म्हणावा तसं झालं गं तुझी पोस्ट वाचून, मी दहा वर्षं विदर्भात एका छोट्या संस्थेत माहिती अधिकाराचं काम केलंय. नाशिकच्या दादांचं बरोबर आहे, पण मी तुला दुसरी बाजू सांगते, जी कुणी कौशल्य म्हणून मोजतच नाही. ती म्हणजे मराठी.

आम्ही एकदा वनहक्क दाव्यांच्या, म्हणजे जंगलजमिनीवरच्या हक्कासाठी लोकांनी केलेल्या दाव्यांच्या, नाकारलेल्या प्रकरणांची माहिती मागवली. वर्षभर पाठपुरावा करून एका कार्यालयाने सीडी दिली. उघडली तर पडद्यावर मराठी नाहीच, नुसता रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल. कारण फाइली जुन्या फॉन्टात टाइप केलेल्या, काही श्री-लिपीत, काही डीव्हीटीटी योगेशमध्ये, काही शिवाजीत, युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना कळणारी अक्षरांची एकच पद्धत, कुठेच नाही. फॉन्ट टाकला की डोळ्यांना मराठी दिसतं पण कॉम्प्युटरला ते मराठी नसतंच, शोध लागत नाही, एक्सेलमध्ये क्रमवारी लागत नाही, 'नामंजूर' शब्द किती वेळा आला ते मोजता येत नाही. आम्ही चार बायका तीन महिने ते हाताने परत टाइप करत बसलो. शेवटी एका पोराने कन्व्हर्टर लिहून दिला, त्यातही 'र्क' आणि रफार उलटे पडायचे, पहिली वेलांटी पुढच्या अक्षराला चिकटायची, तर आम्ही शेजारी बसून एकेक दाखवायचो आणि तो दुरुस्त करायचा. आठ दिवसांत जे झालं ते तीन महिन्यांत झालं नव्हतं. मग दिसलं की एकाच तालुक्यातल्या शेकडो दाव्यांवर नाकारण्याचं कारण शब्दाला शब्द तेच, म्हणजे दावे वाचलेच नव्हते.

आता तुझ्या रोहिंग्यांकडे ये. म्यानमारमध्ये अगदी हाच घोळ होता. तिथे बहुतेक फोनवर झॉजी नावाचा फॉन्ट चालायचा, युनिकोड नाही. देशाने अधिकृतपणे युनिकोडकडे जायचं ठरवलं ते 1 ऑक्टोबर 2019 ला. म्हणजे 2017 ला जेव्हा फेसबुकवर द्वेषाच्या पोस्टींचा पूर आला तेव्हा ते लिखाण मशीनला नीट वाचताच येत नव्हतं, आणि बर्मी वाचणारी माणसं कंपनीकडे मोजकी. 2018 ला यूएनच्या सत्यशोधन समितीने फेसबुकच्या वापरावर बोट ठेवलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने स्वतः मान्य केलं की आम्ही पुरेसं केलं नाही. फॉन्टसारखी गोष्ट माणसांच्या जिवाशी येते ती अशी. तुला मराठी येतं, सोलापुरात वाढलीस म्हणजे थोडंफार तेलुगू, कन्नड कानावर असणार. परदेशातला कितीही हुशार इंजिनिअर तुझ्या आजीच्या बाजूला बसून तिचं म्हणणं ऐकू शकणार नाही. तू शकतेस.

आणि एक कळकळीने सांगते. कुणाचीही माहिती गोळा करायला लागलीस की आधी स्वतःला विचार, ही यादी चुकीच्या माणसाच्या हाती पडली तर या बाईचं काय होईल? आम्ही सुरुवातीला दावेदारांची नावं, गाव, फोन सगळं एका शीटमध्ये ठेवून दहा जणांना पाठवायचो. चांगल्या मनाने. आज आठवलं की झोप लागत नाही.

रंकाळा_स्टॅट्स

मी कोल्हापूरला बीएस्सीच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवतो. कुणी आकडेवारीचं नाव काढलं नाही म्हणून लिहितो.

मानवी हक्कांच्या कामात सगळ्यात अवघड प्रश्न असतो 'किती'. किती माणसं मारली गेली, किती बेपत्ता झाली. सरकार एक आकडा सांगतं, पीडितांच्या संघटना दुसरा, आणि दोन्हीत न आलेले लोक असतातच. याच्यावर आयुष्य घालवलेला माणूस म्हणजे पॅट्रिक बॉल, सॅन फ्रान्सिस्कोला त्यांचा ह्युमन राइट्स डेटा ॲनालिसिस ग्रुप आहे. 2002 ला हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात युगोस्लाव्हियाचे माजी राष्ट्राध्यक्ष मिलोसेविच यांच्या खटल्यात कोसोव्होतल्या मृतांच्या आणि विस्थापितांच्या आकडेवारीवर त्यांनी साक्ष दिली, आरोपी स्वतः उलटतपासणी घेत होता.

पद्धत समजायला सोपी आहे बघ. समज रंकाळ्यात मासे किती ते मोजायचंय. आज 100 पकडले, खूण केली, सोडले. चार दिवसांनी 80 पकडले, त्यात 20 खुणेचे निघाले. म्हणजे 80 मध्ये चौथा हिस्सा खुणेचा, तर तलावात माझे 100 मासे पण साधारण चौथा हिस्सा असणार, एकूण झाले 400. आता माशांच्या जागी मेलेल्यांच्या याद्या ठेव. एक यादी चर्चची, एक सरकारी आयोगाची, एक वकिलांची. दोन्ही यादीत कोण कोण आहे ते जुळवायचं आणि त्यावरून यादीत न आलेल्यांचा अंदाज काढायचा. पेरू देशातल्या हिंसाचाराची चौकशी करणाऱ्या सत्य आयोगाकडे मृत आणि बेपत्ता मिळून नोंदी साधारण 24 हजार होत्या, 2003 ला या पद्धतीने अंदाज आला 69,280. त्या आकड्यावर नंतर वाद झाले, अजून होतात, व्हायलाच पाहिजेत, याद्या एकमेकींपासून स्वतंत्र नसल्या तर गणित डगमगतं. पण अंदाजातून हे दिसलं की जे नोंदीतून सुटले त्यात डोंगरातले, केचुआ ही तिथली मूळ भाषा बोलणारे गरीब लोक जास्त होते. कागदावर न येणारा माणूस सगळीकडे तोच असतो.

खरं काम मात्र जुळवणीत आहे. 'शिंदे बाळू रामा' आणि 'बाळासाहेब रामचंद्र शिंदे' एकच का दोन? हे कॉम्प्युटरवाल्याचं काम आहे आणि त्याला गावाची नावं ठेवायची पद्धत माहीत असावी लागते. तुझ्या मायनरपेक्षा मला तुझ्या स्टॅटिस्टिक्सच्या पेपरची जास्त काळजी आहे, तो नीट कर.

जालना_कोर्ट

वकील नसताना उपयोग काय, असं विचारलंस म्हणून उत्तर देणं माझं काम आहे. मुली, आम्हा वकिलांनाच तुमची गरज आहे, आणि आमच्या जालन्याच्याच केसने ते देशाला दाखवलं.

2014 च्या विधानसभेला जालन्यात अर्जुन खोतकर 296 मतांनी जिंकले. हरलेले कैलाश गोरंट्याल कोर्टात गेले की उमेदवारी अर्ज भरायची वेळ दुपारी तीनची होती आणि खोतकरांचे अर्ज तीननंतर घेतले. पुरावा काय, तर निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण. चित्रीकरण सरकारचंच, पण त्याच्या सीडीला पुरावा कायद्याच्या 65ब कलमाचं प्रमाणपत्र, म्हणजे प्रत कशी काढली ते लिहून दिलेला दाखला, नव्हतं, अर्जदार गोरंट्याल यांनी मागून मागून अधिकारी देत नव्हते. औरंगाबाद खंडपीठाने 2017 ला निवडणूक रद्द केली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि 14 जुलै 2020 ला तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीला प्रमाणपत्र लागणारच, मात्र इथे अर्जदाराने शक्य ते सगळं केलं होतं म्हणून त्याला त्यातून सूट. आता 1 जुलै 2024 पासून नवीन भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्यात हे कलम 63 झालं आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलीवरून कॉम्प्युटर काढतो तो लांब आकडा) लिहायला रकाना आहे. माझ्या बाररूममध्ये विचारलं तर किती जण सांगतील की हा आकडा काढायची शा-256 पद्धत काय असते? फाइलीतलं एक अक्षर बदललं तरी पूर्ण आकडा बदलतो, म्हणून ती न बदलल्याची खूण, हे मला माझ्या पुतण्याने जेवताना समजावलं. अत्याचाराचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर चाळीस ठिकाणी फिरतो आणि कोर्टात येईपर्यंत मूळ फोन विकलेला असतो. तिथे पहिल्या दिवशी मूळ फाइल जपणारा, हॅश काढून तारीख वेळ लिहून ठेवणारा माणूस पाहिजे. ती तू.

आता आजीचं. हे आधी कर, करिअर नंतर. केंद्राच्या अन्न विभागाने 24 ऑक्टोबर 2017 ला सगळ्या राज्यांना पत्र पाठवलंय की आधार नाही किंवा बायोमेट्रिक जुळत नाही एवढ्या कारणाने पात्र माणसाला धान्य नाकारायचं नाही, इतर ओळखपत्रावर द्यायचं आणि अशा लोकांची वेगळ्या रजिस्टरला नोंद ठेवायची. दुकानात जाऊन ते एक्सेप्शन रजिस्टर दाखवा म्हणा. नाही म्हणाले तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 15 खाली जिल्हा तक्रार निवारण अधिकारी असतो, त्याच्याकडे साधा लेखी अर्ज. पोच घ्यायची. तोंडी काही नाही. आणि आधारला तिचा चालू नंबर जोडून घ्या म्हणजे ओटीपीचा मार्ग तरी उघडेल.

लाइपझिगकर

परदेशाचं मी सांगतो, मूळचा साताऱ्याचा, इथे जर्मनीत ग्लोबल स्टडीजच करतोय. लाइपझिगचा इरास्मुस मुंडुसचा (युरोपियन युनियनच्या योजनेतला) दोन वर्षांचा मास्टर्स आहे, एक वर्ष एका देशात, दुसरं दुसऱ्या. खूप शिकायला मिळतं पण एक सांगू, वर्गात टेक्निकल बॅकग्राउंडचे आम्ही दोघंच होतो आणि प्रोजेक्टला सगळे आम्हालाच शोधत यायचे.

बर्लिनला निमोनिक नावाची संस्था आहे, सीरियन आर्काइव्हपासून सुरू झाली, 2014 ला. सीरियातले लोक बॉम्ब पडत असताना फोनवर शूट करून यूट्यूबवर टाकायचे, आणि 2017 ला यूट्यूबच्या ऑटोमॅटिक यंत्रणेने हजारो व्हिडिओ हिंसक म्हणून उडवले. पुरावाच गेला. हे लोक ते व्हिडिओ उतरवून, हॅश काढून, कुठे कधी शूट झालं ते तपासून जपून ठेवतात. आणि ते फुकट जात नाही. जर्मनीत कोब्लेंझच्या कोर्टाने 13 जानेवारी 2022 ला सीरियन गुप्तचर खात्याच्या एका माजी अधिकाऱ्याला जन्मठेप दिली, कैद्यांच्या छळासाठी. गुन्हा सीरियातला, पीडित सीरियन, कोर्ट जर्मन. त्या खटल्यात 'सीझर' या टोपणनावाच्या लष्करी फोटोग्राफरने बाहेर आणलेले मृत कैद्यांचे हजारो फोटो न्यायवैद्यक तज्ज्ञाने तपासून मांडले होते. तुझा ग्लोबल स्टडीज आणि तुझा कॉम्प्युटर एकाच टेबलावर कुठे येतात असं कुणी विचारलं तर हे सांग.

यासाठी वाचायला सगळ्यात कामाचं म्हणजे बर्कली प्रोटोकॉल, यूएनच्या मानवी हक्क कार्यालयाने आणि बर्कलीच्या ह्युमन राइट्स सेंटरने 2020 ला काढला, इंटरनेटवरचा पुरावा कसा शोधायचा, जपायचा, तपासायचा याचे नियम. फुकट आहे. तो वाचून घरबसल्या सराव कर, एखादा व्हायरल व्हिडिओ घे आणि तो नक्की कुठला ते शोध. मी 2019 च्या महापुरात सांगलीचा म्हणून फिरणारा एक व्हिडिओ असा तपासला होता, दुकानाची पाटी थांबवून थांबवून बघितली तर लिपी मल्याळम निघाली. दुपार गेली पण मला माझं काम त्या दिवशी सापडलं.

पैशाचं स्पष्ट बोलतो. इथे सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी फी नाममात्र, पण व्हिसाला खात्यात 11,904 युरो वर्षाला अडकवून दाखवावे लागतात. आणि शिकून झाल्यावर नोकऱ्या असतात सहा महिने, वर्षाच्या करारावर. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत थांबवली तेव्हा जगभर कितीतरी हक्कांच्या संस्थांचा निधी एका रात्रीत गेला, माझ्या ओळखीतल्या दोघांचं काम गेलं. त्यामुळे लगेच येऊ नको. आधी दोन वर्षं नोकरी, लोन उतरव, मग स्कॉलरशिपवर ये. ब्रिटनच्या चेव्हनिंग स्कॉलरशिपला तर 2,800 तासांचा कामाचा अनुभव मागतातच.

कागदपत्रं_ताई

भारतातही तेच आहे, 2020 ला परदेशी निधीचा कायदा कडक झाल्यापासून छोट्या संस्थांची फार ओढाताण आहे, पगार वेळेवर मिळतील असं मी तुला खोटं सांगणार नाही. पण दिल्लीची इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन आहे, इथल्या देणग्यांवर बरंच काम करतात, त्यांच्या इंटर्नशिपवर लक्ष ठेव. आणि कॉलेज न सोडता हक्कांचा पाया पक्का करायचा असेल तर इग्नूचा मानवी हक्कांचा सर्टिफिकेट कोर्स बघ, घरून करता येतो, फी परवडणारी असते.

सोलापुरी_चादर

सगळ्यांना किती धन्यवाद देऊ कळत नाही. सर, स्टॅट्सचा पेपर मनावर घेतलाय. एमव्हीटी उतरवलंय, चालवलं अजून नाही.

शनिवारी रात्रीच्या गाडीने सोलापूरला गेले. वकील काका, तुम्ही सांगितलं तसं रविवारी दुकानात जाऊन रजिस्टर मागितलं. दुकानदार आधी म्हणाला असलं काही नसतं, मग त्या पत्राची तारीख सांगितल्यावर आतून एक वही आणली. वही कोरी होती. पहिलं पान पण उलटलेलं नव्हतं. त्या महिन्याचं धान्य त्याने आजीला दिलं, मागच्या दोन महिन्यांचं माझ्या हातात नाही म्हणाला. म्हणून मी तक्रार अर्ज लिहिलाय. घरकुलात फिरले तर आमच्याच ओळीत अजून सात आज्या निघाल्या, सगळ्या विडीवाल्या, सगळ्यांचं थंब लागत नाही. वहीत नावं लिहायला सुरुवात केली आणि ताईंचं आठवलं, मग थांबले, परत पहिल्या घरापासून गेले आणि प्रत्येकीला मराठीत, दोघींना तेलुगूत शेजारणीकडून, सांगितलं की ही नावं कुठे जाणार, कोण वाचणार, नको असेल तर नको म्हणा. दोघी नको म्हणाल्या, त्यांची नावं खोडली.

आजीच्या अंगठ्याचा फोटो अर्जाला जोडायचा ठरवला. ती म्हणाली, "ह्यो फोटो कुठं कुठं जाणार गं?" मी म्हटलं साहेबाकडे आणि माझ्याकडे राहील. ती म्हणाली, "हाताचा काढ, तोंडाचा नको." तसाच काढलाय, मूळ फाइल वेगळी ठेवलीय आणि हॅश काढून वहीत लिहिलीय.

आता एक अडलंय. आजीला सही येत नाही, अर्जावर अंगठाच लावावा लागणार. शाईचा लावून बघितला तर नुसता काळा डाग उठतो, रेषा एकही नाही. हा चालेल का? का अर्ज तिथेच परत करतील?

जालना_कोर्ट

चालतो. डाग उठला तरी तो तिचाच आहे. त्याच्या वर-खाली लिही, 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा', मध्ये तिचं पूर्ण नाव, आणि बाजूला 'समक्ष' लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या पत्त्यासकट. एक साक्षीदार तू, दुसरी शेजारीण, जिने तांदूळ दिला ती. दोन प्रती काढ, तुझ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नको. बाकीच्या पाच जणींचा अर्ज वेगवेगळा कर, एकत्र करू नको, एकत्र अर्ज एका फटक्यात निकाली काढतात.

सोमवारी बारापर्यंत साहेब जागेवर असतात, त्याआधी पोच.